अंगठ्यातली तात

हा आजार मरणाचा नाही, म्हणून त्याला कोणी आजार म्हणत नाही. ताप चढला तर बाई आडवी पडते, घरात पेज शिजते, शेजारीण डोकावून जाते. हात दुखला तर कोणी डोकावत नाही. काम केलं की हात दुखतोच, असं सगळे म्हणतात. मीही म्हणत होते, माझा उजवा अंगठा बंद पडेपर्यंत.

हे लिहायला बसले ती नातसुनेमुळे. तिला पहिलं मूल झालं आणि तीन महिन्यांत अंगठ्याच्या मुळाशी कळ सुरू झाली. मुलाला उचललं की डोळ्यांत पाणी. महिनाभर तिने कोणाला सांगितलं नाही. शेवटी नातू तिला अमरावतीच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरने पट्टी बांधली आणि अंगठा हलवू नका म्हणाला. घरी येऊन ती मला म्हणाली, "आजी, डाक्टर जे बोलला थे तुमी मले आठ दिवस अगोदर सांगतलं होतं. म्या ऐकलं नाही." मग नातू म्हणाला, लिहून काढ, छापायला देतो, चार बायका वाचतील.

मला लिहिता येतं ते असं. माझं माहेर अकोल्याजवळ, बाप माळी. गावच्या पंतोजीच्या घरी आमची भाजी जाई. त्याबद्दल पंतोजी मला मुलांच्या मागे, दाराशी बसू देई. चार वर्षं बसले, मग लग्न झालं. तेवढ्यावर हे लिहिते आहे. एक पान झालं की हात खाली ठेवते. तेही या आजारानेच शिकवलं.

चांदी वाजे ते दिवस

सासर अमरावतीपासून तीन कोसांवर. समुद्रापलीकडे कुठे तरी मोठी लढाई लागली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या कापसाला भाव आला, एवढंच आम्हाला ठाऊक. कोण कोणाशी लढतंय ते माहीत नव्हतं. लढाई चालू राहावी असं मात्र गावात सगळ्यांनाच वाटे. आता हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं होतं.

आमचं घर माळ्याचं. तरी त्या साली वांग्या-मिरचीचा मळा मोडून आम्ही कापूस लावला. गावात भाजी मिळेना, पण सुनांच्या अंगावर चांदी दिसू लागली. आमच्या घरी पहिला कापूस विकला तेव्हा घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला रुंद चांदीच्या पाटल्या करून आणल्या. नवऱ्याचं नाव मी अजून लिहीत नाही. भीती नाही, सवय आहे.

सरकी काढायचं काम घरोघरी बायकांचं. वाफेचे कारखाने पुढे आले. तेव्हा चरकी होती. दोन लाट्या, एक लाकडी, एक लोखंडी. उजव्या हाताने मूठ फिरवायची, डाव्या हाताने लाट्यांमध्ये कापूस द्यायचा. रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे पडते. मी फिरवायला जलद होते. माझ्या मुठीबरोबर चांदीची पाटली काचेच्या बांगड्यांवर आपटे आणि आवाज ओट्यापर्यंत जाई. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणे, ओट्यावर बसून तो आवाज ऐकत. आवाज थांबला की ओट्यावरून विचारणा व्हायची, "काय झालं वं, तुळसे?" काही झालेलं नसे. पाणी प्यायला उठलेली असे.

आत्याबाई शेजारणींना सांगत, "माह्या लहान सुनेचा हात म्हंजे चरकीच हाये." ते ऐकून मी आणखी जोरात फिरवी. मूर्खपणा माझाही होता, तो मी दुसऱ्यावर ढकलत नाही. न्याहारी करून चरकीवर बसले की दिवेलागणीला उठे. मध्ये गंगूला पाजायला तेवढी सुटी. गंगू माझी पहिली, तेव्हा आठ महिन्यांची, अंगाने चांगली जड.

हातातून जाणारी भांडी

सुरुवात दिवाळीनंतर झाली. सकाळी उठल्यावर अंगठा आखडलेला असे. तासाभराने मोकळा होई. मग मोकळा व्हायला दुपार लागू लागली. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला, बोरासारखी सूज आली. आणि कुरकुर. अंगठा वाकवला की आतून वाळलेल्या चामड्याच्या वादीसारखा आवाज येई. ऐकू येण्यापेक्षा बोटाला कळे. मी घाबरले ती त्या आवाजाने. दुखणं सोसता येतं. आपल्या अंगात काही तरी घासतंय हे सोसत नाही.

कोणाला सांगितलं नाही. लोटा हातातून सुटला. पाणी सांडलं. दुसऱ्या दिवशी ताट सुटलं. माझी जाऊ सगुणाबाई, थोरल्या दिरांची बायको, चुलीपाशी होती.

"कावून वं, हाताले मेंदी लागली काय तुह्या?"

"घसरलं."

"रोजच घसरून राहिलं बाप्पा. ताटाले पाय फुटले असतील."

भाकरी थापायला बसले तर थापता येईना. सगुणाबाईंनी पाहिलं, परात आपल्याकडे ओढली आणि थापायला लागल्या. बोलल्या काहीच नाहीत. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी त्याच म्हणाल्या, चांदी थंड असते, आग ओढून घेते, पाटली खाली सरकवून बरोबर सुजेवर आण. मी आणली. सरकू नये म्हणून वरून चिंधी आवळून बांधली आणि तशीच चरकीवर बसले. आमच्या गावात त्या वर्षी हे बऱ्याच जणींनी केलं असणार, कारण चांदी त्याच वर्षी आली होती. सुजलेल्या जागेवर वीस तोळ्यांचं कडं दाबून बसवायचं आणि मूठ फिरवायची. याच्याहून वाईट उपाय शत्रूलाही सुचला नसता. चार दिवसांत पाटली मांसात रुतली. वर सरकेना, खाली येईना.

डाग

आत्याबाईंना कळल्यावर त्यांनी गावातल्या म्हाताऱ्या धनगराला बोलावलं. त्याने विळ्याचं टोक निखाऱ्यात लाल केलं आणि पाटलीच्या वर दोन डाग दिले. मी ओरडले नाही असं लिहिलं तर खोटं होईल. डाग अजून आहेत.

डागाची जखम म्हणून चार दिवस मला चरकीवर बसवलं नाही. चार दिवसांत दुखणं उतरलं. सगळे म्हणाले, पाहा, डागाने गुण आला. मीही म्हणाले. पाचव्या दिवशी बसले आणि दुपारपर्यंत दुखणं परत आलं. आत्याबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, काम केलं की हात दुखतोच. गुण डागाचा नव्हता, चार दिवस हात पडून होता त्याचा होता. हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

मग एका सकाळी गंगूला पाळण्यातून उचलताना अंगठ्यातून अशी कळ गेली की माझा हात आपोआप उघडला. ती पडली नाही. डाव्या हाताने तिचं झबलं धरलं आणि ती झबल्यात लोंबकळत राहिली. ती हसत होती. आत्याबाईंनी ते पाहिलं.

त्या दिवशी जेवण झाल्यावर त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, मी तिथेच बसले होते, "माह्या भावाची पोरगी हाये मोर्शीकडं. हाताची चांगली हाये."

हे म्हणाले, "मंग?"

"मंग काय. घराले हात पाहिजे. गावात चार घरी दुसरी आनली या साली. तुळसीले कोनी हाकलून नाही राहिलं. राहीन एका बाजूनं."

त्या साली खरंच तसं झालं होतं. कापूस पडून होता, हात पुरत नव्हते. मजुरीला बाई मिळेना तेव्हा लोकांनी बायकोच आणली. त्यात कोणाला लाज वाटत नव्हती.

हे गप्प बसले. मला त्यांचा राग आला तो त्या गप्प बसण्याचा. खोलीत गेल्यावर मी विचारलं, "तुमी बोलले कावून नाही?"

"बुढीपाशी बोलून काय होते? तिले हात दाखवा लागन." मग म्हणाले, "परवा अमरावतीले गाडी जाते. तू चाल."

अमरावतीत

गाडीत रुईच्या बोजांवर बसून गेले. गंगू घरी, सगुणाबाईंजवळ. त्यांचा धाकटा तेव्हा अंगावर पीत होता, त्यांनी गंगूलाही पाजायचं कबूल केलं. बाजारात आधी एका वैद्याकडे गेलो. बाईची नाडी डाव्या हाताची पाहतात. त्याने डावा हात पाहिला, वात झाला म्हणाला, पुडी दिली. उजव्या हाताकडे त्याने पाहिलंच नाही. मी उजवा पुढे केला तर म्हणाला, "त्याची गरज नाही."

हे रुई उतरवायला गेले. मी एका पिंजाऱ्याच्या छपराच्या सावलीत बसले. आत पिंजण चाललं होतं. पिंजण म्हणजे कापूस पिंजायचं मोठं धनुष्य, त्याच्या आतड्याच्या दोरीला तात म्हणतात. मी शिदोरीच्या फडक्याची गाठ दाताने सोडत होते. पिंजाऱ्याची म्हातारी आई समोर गाद्या शिवत बसली होती. तिचं नाव अमीनबी.

"दात कावून लावती बेटी? हात नाही का?"

"हाये. चालत नाही."

"चरकी?"

मी मान हलवली. ती उठली, माझ्याजवळ येऊन बसली, आणि तिने माझा हात धरला. आत्याबाई असत्या तर घरी जाऊन अंघोळ करावी लागली असती. अमीनबीने सुजेवर तिचं बोट ठेवलं आणि म्हणाली, अंगठा हलव. तिच्या बोटाला ती कुरकुर लागली असावी, कारण तिने मान डोलावली. मग म्हणाली, "अंगठा मुठीत घे. वरून बोटं मीट. आता मूठ करंगळीकडं झुकव. धीरे."

मी झुकवली आणि माझ्या तोंडातून जे निघालं ते इथे लिहिता येत नाही. आत पिंजण थांबलं.

"हड्डी नाही, वात बी नाही," अमीनबी म्हणाली. "तात हाये ही. पाय." तिने मुलाच्या पिंजणाकडे बोट केलं. "ही तात रोज दिवसभर वाजवली अन उतरवली नाही, त काय होते? फुगते. तिचे केस सुटते. खोबणीत फसते, मंग कुरकुर करते. तुह्या अंगठ्याले बी अशीच तात हाये, इथून तिथवर. तिची खोबण ही." तिने पाटलीच्या जागी नखाने रेघ ओढली. "अन त्या खोबणीवर तू हे कडं ठोकलं."

"चांदी आग ओढते म्हनते."

"चांदीची तार सोनार ओढते, बेटी. चांदी आग नाही ओढत."

मी विचारलं, "हात जाईन का?"

इतके दिवस हे मी कोणाला विचारलं नव्हतं. ती लगेच "नाही" म्हणाली नाही, म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला. तिने मला प्रत्येक बोट हलवायला लावलं, तळवा चिमटून पाहिला.

"माहा बी गेला होता. पिंजणानं. आला वापस. पन मी बसली होती एक महिना. तू बसशील का? तुह्या घरचे बसू देतील का?"

मी म्हटलं, "काय करू, सांगा."

तिने सांगितलं ते इतकंच. पाटली काढ, बांगड्याही काढ, मनगटावर काही नको. बांबूची कामटी घे, तिला पिंजलेली रुई गुंडाळ, अंगठ्यापासून अर्ध्या हातापर्यंत सैल बांध, बोटं काळी पडतील इतकं आवळू नको. झोपतानाही राहू दे. पोरीला अंगठ्याने उचलू नको, दोन्ही हात कोपरापर्यंत तिच्या खाली घाल, सुपासारखी उचल. चोळू नको, कोणाला चोळू देऊ नको. महिन्याने सोड. आणि चरकीवर परत बसलीस तर पहिल्यासारखी बसू नको.

कामटी तिनेच बांधली, रुई तिच्या घरची. घ्यायला काही तयार नव्हती. हे आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि सरळ सोनाराकडे नेलं. सोनाराने पाटली कापली. कापताना हे म्हणाले, "नवीच होती." तेवढंच. पाटलीखाली कातडी पांढरी पडली होती, भिजल्यासारखी.

उघडं मनगट

घरी आल्यावर जे झालं ते आजाराहून वाईट होतं. आत्याबाईंनी उजवा हात पाहिला. पाटली नाही, एकही बांगडी नाही.

त्यांनी स्वतःचे दोन्ही हात माझ्यापुढे धरले. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती. "असा हात पाहिजे तुले? सांग. माहा लेक जिता हाये अन तू असा हात घेऊन माह्या घरात फिरून राहिली?"

इतके दिवस मला वाटे त्यांना फक्त चरकीचा आवाज पाहिजे. त्या दिवशी कळलं, त्या घाबरल्या होत्या. मी हात गमावेन म्हणून नव्हे, त्या मुलगा गमावतील म्हणून. भीती आपापल्या जागची असते. त्यांची खोटी होती असं मी म्हणणार नाही, पण त्या भीतीने माझा हात बरा होणार नव्हता.

हे म्हणाले, "डाव्या हातात हायेत ना बांगड्या."

"डाव्यानं काय होते?"

मी बोलले नाही. बोलले असते तर कामटी त्याच दिवशी सुटली असती. सगुणाबाई मागून आल्या. त्यांच्या हातात एक हिरवी बांगडी आणि दोरा. त्यांनी माझ्या उजव्या हाताची बाही वर केली आणि दंडाला दोऱ्याने ती बांगडी बांधली.

"हे घ्या. मनगटावर नाही त दंडावर हाये. हात एकच ना?" मग मला म्हणाल्या, "थे चांदीचं म्याच सांगतलं होतं. मले काय माहीत." ती त्यांची माफी होती. त्यांनी आयुष्यात एवढीच मागितली.

आत्याबाईंनी ती बांगडी ओढून पाहिली. मग म्हणाल्या, "शिमग्यापर्यंत पायतो. संक्रांत झाली. शिमग्याले भाऊ येते. तवापर्यंत हात आला त ठीक. नाही त मी पोरगी आनतो."

म्हणजे माझ्याकडे दोन महिने होते.

बसून राहणं

लोकांना वाटतं, विश्रांती म्हणजे सुख. ज्या बाईने कधी रिकामं बसून पाहिलं नाही तिला विचारा. पहिले तीन दिवस मी उंबऱ्यावर बसून दुसऱ्यांचं काम पाहिलं आणि मला रडू आलं. नंतर राग आला. नंतर कंटाळा. कंटाळा आला की समजावं, बरं होण्याचं काम सुरू झालं.

शेजारणी पाहायला येत. एक म्हणाली, "मजा हाये बाप्पा, अमरावतीहून सुटी आनली." दुसरी कामटी ठोकून पाहू लागली. मी डावा हात उगारला तेव्हा थांबली.

डाव्या हाताने खूप येतं, हे मला त्या महिन्यात कळलं. झाडता येतं, निवडता येतं, पाणी ओतता येतं. वेणी घालता येत नाही. ती सगुणाबाई घालत, केस उपटून. गंगूला सुपासारखं उचलायची सवय झाली, आणि तिलाही ती आवडली.

दहाव्या दिवशी माझी चूक झाली. हात हलका वाटत होता. सूज बसली होती. घरात कोणी नव्हतं, सगळे वेचणीला गेले होते. मी कामटी सोडली आणि म्हटलं, एक टोपली काढून पाहू. शिमगा डोक्यात होता. एका टोपलीच्या तीन झाल्या, कारण दुखत नव्हतं. दुखणं दुसऱ्या दिवशी आलं, पहिल्याहून जास्त. कुरकुरही आली.

मी गुपचूप कामटी परत बांधली आणि दिवस पहिल्यापासून मोजायला लागले. हे ज्याला झालं असेल त्याने नीट वाचावं. दुखणं थांबलं म्हणजे तात बरी झाली असं नाही. आग विझल्यावर चूल गरम असते तसंच आहे. माझे दहा दिवस गेले. शिमगा काही दहा दिवस पुढे गेला नाही.

आत्याबाईंचा अंगठा

कापूस थांबत नव्हता. सगुणाबाई वेचणीला जात. तेव्हा माझ्या चरकीवर आत्याबाई स्वतः बसल्या. कोणी सांगितलं नव्हतं. दिवसभर बसत. मला ऐकू जाईल असं म्हणत, "आमच्या वेळी असे हात दुखत नोते."

आठेक दिवसांनी त्यांच्या हातातून तपकिरीची डबी पडली. मी उचलून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडली. मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्यासमोर येऊन बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"पाय याले."

मी म्हटलं, "अंगठा मुठीत घ्या. मूठ करंगळीकडं झुकवा."

त्यांनी झुकवली आणि माझ्या बापाला, आज्याला आणि माहेरच्या गावाला एका दमात शिवी दिली. मग हात पोटाशी धरून बसल्या.

"इतकं दुखते?"

"हाव."

"मंग तू सांगतलं कावून नाही?"

"सांगतलं होतं, आत्याबाई."

त्यांनी हात पुन्हा पुढे केला. मी डाव्या हाताने आणि दाताने त्यांना कामटी बांधली. मग आम्ही दोघी समोरासमोर उंबऱ्यावर बसलो, दोघींचा उजवा हात बांधलेला. हे शेतातून आले, त्यांनी पाहिलं आणि परत बाहेर गेले. गोठ्याकडून त्यांच्या हसण्याचा आवाज आला. आत्याबाई म्हणाल्या, "हसू दे त्याले. चरकी तोच फिरवन आता."

आणि खरंच, त्यानंतर आठ दिवस संध्याकाळी यांनी चरकी फिरवली. बाईचं काम म्हणून लोक हसले. हे बसले.

काय करावं

माघी पौर्णिमा होऊन आठ-दहा दिवस झाले तेव्हा मी कामटी सोडली. नंतर जे केलं ते सांगते, कारण लोक मला तेच विचारतात.

आधी नुसता हात कोमट पाण्यात हलवला, दुखेल तिथे थांबून. मग हलकी कामं. चरकी शेवटी. आणि चरकी बदलली. तिची मूठ बारीक होती, म्हणून घट्ट धरावी लागे. मी तिला चिंध्या गुंडाळून जाड केली. चरकीखाली दोन विटा ठेवल्या, म्हणजे मनगट वाकडं होत नाही, हातासारखं सरळ राहतं. मूठ फिरवणारी एक आणि कापूस देणारी दुसरी, आणि टोपली संपली की जागा बदलायची. टोपलीही लहान केली, म्हणजे जागा लवकर बदलते. लाट्यांच्या टोकांना रोज तेल. आखडलेली चरकी हात खाते.

आता चरक्या गेल्या, पण वेचणी आहे, जातं आहे, दोर आहे, मूल आहे. गोष्ट तीच. एकाच जागी एकच काम दिवसभर करू नये. अंगठ्याने चिमटा काढल्यासारखं जड काही धरू नये, तळवा लावावा. सकाळी हात आखडला तर तो सांगतो आहे, तेव्हाच ऐकावं. पहिल्या आठवड्यात ऐकलं तर चार दिवस बसावं लागतं. नाही ऐकलं तर माझ्यासारखं. दुखऱ्या जागेवर काही आवळू नये, चोळू नये, डागू तर मुळीच नये. महिनाभर बसूनही उतरलं नाही, बोटं बधिर झाली, किंवा हात लाल होऊन ताप आला, तर दवाखान्यात जावं. आता दवाखाने आहेत. आणि घरच्यांना सांगावं. एकदा सांगून ऐकलं नाही तर पुन्हा सांगावं.

शिमगा

शिमग्याला आत्याबाईंचा भाऊ आला. मुलीला आणलं नव्हतं, बोलणी करायला आला होता. मी पुरण वाटत होते. पूर्ण हात आलेला नव्हता. पाट्यावर वरवंटा ओढायचा, थांबायचं, सगुणाबाईंनी ओढायचा, परत मी. भावाने ते पाहिलं आणि ओट्यावर बसून बहिणीला विचारलं. आत आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"हिचा हात अजून अर्धाच दिसून राहिला, आक्का. मंग पोरीले कधी आनू?"

मी वरवंट्यावरून हात उचलला नाही. सगुणाबाईंनीही उचलला नाही. दोघींचे हात त्याच्यावर तसेच.

आत्याबाईंनी तपकिरीची डबी उघडल्याचा आवाज आला. त्यांचा अंगठाही तेव्हा पुरता बरा नव्हता. तपकीर त्या डाव्या हाताने ओढत होत्या.

"चरकी चालवते का थे तुह्या घरी?" त्यांनी विचारलं.

"मंग. सकाळी बसली का रात्री उठते. तशी पोरगी नाही भेटनार तुले."

"सकाळी अंगठा आखडते का तिचा?"

भाऊ म्हणाला, "काय मालूम. पोरी बोलतात का असं."

"घरी जाऊन पूस तिले. आखडत असन त उठव चरकीवरून. मूठ जाड कर, दुसरी बाई जोडीले दे." मग म्हणाल्या, "इथं नको आनू. इथं तीन बाया हायेत, अन एकच चरकी."

भाऊ जेवला, पोळ्या चांगल्या झाल्या म्हणाला आणि उन्हं उतरल्यावर गाडी जुंपून गेला. आत्याबाई आत आल्या, पाट्याजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय पाहून राहिल्या दोघी? पुरन वाळून राहिलं." माझ्या हाताकडे पाहिलं. "तू उठ. तुही पाळी झाली. आता मी बसतो."